सुरय्याची खुर्ची

सुरय्याच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर नवऱ्याने, महेबूबने, घरातल्या लोखंडी खुर्चीची पाठ कापून मोटारसायकलच्या सीटमागे नटबोल्टने पक्की बसवली. वर्षभराने ती पहिल्यांदा नाशिकबाहेर निघाली होती, बाइक क्लबबरोबर सुरगाण्याला. क्लबच्या अध्यक्षांची टूरिंग बाइक कस्टम होती, म्हणजे सगळं कंपनीने ठरवलेलं, अध्यक्षांनी फक्त रंग निवडलेला. “महेबूबभाई, क्लबमध्ये फक्त कंपनी फिटिंग चालतं. ही वरातीची खुर्ची काढा,” निघता निघता अध्यक्ष म्हणाले. महेबूबने पाना काढला. सुरय्या उतरलीच नाही. “ठेवा तो पाना,” ती म्हणाली. “आणि साहेब, सुरगाण्याचा रस्ता क्लबच्या मालकीचाय का?” दोघंच पुढे निघाले. सुरगाण्याच्या चहाच्या टपरीवर क्लब पोहोचला, तेव्हा सुरय्या बाइकवरच बसून चहा पीत होती. अध्यक्ष कंबर धरून उतरले. टपरीला बाकडं नव्हतं. “वहिनी, दोन मिनिटं टेकू का पाठ?” “नको साहेब, ही कंपनी फिटिंग नाही,” म्हणत सुरय्याने खुर्चीला आरामात पाठ टेकवली.