हात न लागलेलं घर

भाड्याचं घर बघायला ती लेकीला घेऊन आली, तेव्हा मालक भिंत थोपटत म्हणाले, "आख्खं घर कारखान्यात तयार होऊन क्रेनने वर चढलंय. वीस दिवसांत सात मजले. माणसाचा हात म्हणून लागलेला नाही कुठे, सगळं मशीनचं काम. तुम्ही काय करता?"

"कारखान्यात वायरिंग तपासते."

मालकांचा सूर बदलला. "त्याचं काय आहे बाई, इथे सगळी साहेब मंडळी राहतात. कामगारांना घर द्यायचं नाही, असं आमचं ठरलंय. राग मानू नका."

"राग कसला," म्हणत तिने पर्समधून टेस्टर काढला आणि मालक "अहो, अहो" करेपर्यंत स्वयंपाकघरातल्या स्विचबोर्डाचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला काळ्या मार्करने लिहिलं होतं, 'तपासलं'. खाली तारीख आणि सही.

"आई, ही तर तुझी सही," लेक म्हणाली.

तिने झाकण जागच्या जागी बसवलं, चारही स्क्रू नीट आवळले.

 

"सातही मजल्यांवर, प्रत्येक घरात मी आधीच आहे. आता मला बाहेर काढून दाखवा."