कोरडं वर्तुळ

उज्ज्वला सुरतेत एका खासगी कंपनीत रडारची चित्रं वाचायचं काम करायची. त्या दुपारी उपग्रहाच्या चित्रात अरबी समुद्रातलं वादळ गोल गोल वळत होतं आणि रडारवर अख्खं शहर पावसाच्या लाल रंगाखाली बुडालं होतं.

फक्त गोडादऱ्यात, तिच्या घराच्या जागी, एक लहानसं कोरडं वर्तुळ होतं.

तिला तो यंत्राचा दोष वाटला. पण पुढच्या चित्रात वर्तुळ सरकलं होतं. वाऱ्याच्या उलट, ऑफिसच्या रस्त्यानं, माणसाच्या चालीनं.

ते ऑफिसपाशी पोचलं, तेव्हा तिची आई मंगलाबाई दार उघडून आत आली. हातात डबा होता आणि साडीवर पाण्याचा एक थेंब नव्हता.

“सकाळी न जेवता निघालीस ना,” ती म्हणाली.

“आई, एवढ्या पावसात एकटी आलीस?”

“एकटी कुठं?”

उज्ज्वलानं तिच्या कोरड्या खांद्यावर हात ठेवला. आई इथं होती, पण पडद्यावर वर्तुळ परत निघालं होतं, समुद्राकडे.

आई खिडकीशी गेली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि बाबा होते तेव्हा त्यांना बोटीवर कामाला धाडताना जसं बोलायची, तशाच मऊ आवाजात ती म्हणाली, “सावकाश जा हं.”