पहिलं मत

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात मतदान केंद्राबाहेर गाडी लावून दहा मिनिटं झाली, तरी अनिका उतरेना. मिडटर्म निवडणुकीतलं हे तिचं आयुष्यातलं पहिलंच मत.

"हेल्थकेअर, क्लायमेट, इमिग्रेशन, एका उमेदवाराचं सगळं पटतं मला, पण तो हरणार. दुसरी जिंकेल, पण सगळ्यावर गुळमुळीत बोलते. बाबा, दोघंही मला डिसअपॉइंट करणार. मी व्होटच करत नाही."

शंतनूने इंजिन बंद केलं. अनिका इथेच जन्मलेली, म्हणून नागरिक; पण ती पहिलीत होती तेव्हापासून त्याचं ग्रीन कार्ड अडकलेलं. नागरिकत्व तर त्याच्याही पुढची गोष्ट.

"मी निवडून दिलेल्या माणसाने माझी निराशा करावी," तो म्हणाला, "एवढ्यासाठी तेरा वर्षं रांगेत उभा आहे गं मी."

अनिका उतरून आत गेली. परत आली ती मत दिल्यावर मिळणारा ‘आय व्होटेड’चा स्टिकर घेऊन, आणि तो तिने सरळ त्याच्या जॅकेटवर चिकटवला.

"अगं, नको! सिटिझन नसताना मत दिलं, असं वाटेल कुणाला तरी."

त्याने घाईघाईने स्टिकर काढला. इकडेतिकडे बघितलं, जॅकेटची चेन उघडली आणि आतल्या बाजूला, छातीपाशी, तो नीट दाबून बसवला.