डावीकडे वळणारं शिंगरू

लगामाची डावी दोरी झिजून निम्मी झाली होती. उजवी नव्यासारखीच होती.

वरातीसाठी घेतलेलं ते शिंगरू बाबा पाठीवर बसले की डावीकडेच वळायचं. "याच्या बापाचाच पत्ता नाही, याले वळण कुठून लागन?" बाबा चिडून म्हणायचे.

आज मी बसले. शिंगरू मारेगावच्या रस्त्यानं सरळ चाललं.

उतरल्यावर मी बाबांच्या उजव्या मुठीत माझं बोट दिलं. "जोरात दाबा."

"दाबलं न माय."

"मला काहीच जाणवलं नाही," मी म्हणाले आणि लगामाची झिजलेली डावी दोरी त्यांच्यापुढे धरली.

याच उघड्या हातानं ते वीस वर्षं कापसाच्या पराटीवरचं फवारणीचं औषध बादलीत ढवळत आले होते. पराटी सोडा, असं आई तीन वर्षांपासून विनवत होती.

बाबांनी दारात उभ्या आईकडे पाहिलं.

 

"यंदा पराटी नाही लावत."