थंड देशातली झडप

काटा पंच्याण्णवच्या पुढे सरकला तसा खातिब हसला. माकामे मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच्या इंजिनाला ताप चढला म्हणून हसणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता.

बोट वेटे बंदराच्या धक्क्याला चार दोरांनी आवळून बांधली होती आणि इंजिनावर भार यावा म्हणून बांधल्या जागीच गिअर टाकून दामटली होती. पोटात लवंगांची पोती. समुद्रापलीकडे टांगा बंदराला जाणारे उतारू आपापल्या गाठोड्यांवर बसून तमाशा बघत होते. बोट रिकामी असली की हे इंजिन गाईसारखं गरीब, माल भरला की तापायचं. महिन्याभरात दोनदा भर समुद्रात बंद करावं लागलं. तेव्हा नाखवा हमादने दार-एस-सलामहून या खातिबला, मूळच्या इथल्याच पोराला, इंजिन तपासायला बोलावून घेतलं आणि चारचौघांत सांगून टाकलं, "दोष नशिबाचा निघाला तर ठीक. हाताचा निघाला, तर तो हात आजच बोटीवरून उतरेल." इंजिनखोलीत एकोणीस वर्षं माकामेखेरीज दुसऱ्या कुणाचा हात फिरला नव्हता.

खातिबने आल्या आल्या वडीलधाऱ्याला सलामही केला नाही. 'शिकामू' म्हणायला त्याची जीभ झिजली असती. सकाळपासून त्याने एकेक वस्तू उघडायला लावली. समुद्राच्या पाण्याची गाळणी मागितली तेव्हा माकामे म्हणाला होता, "चाटून बघ हवं तर." गाळणी लख्ख होती. पंपाची रबरी पंखी धड होती, पट्टा ताठ होता, कूलरच्या नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता.

"मिस्त्री, इकडे या," खातिब कठड्यावरून वाकून म्हणाला. "या पाण्याला हात लावा."

कूलरमधून फिरून आलेलं समुद्राचं पाणी बोटीच्या कुशीतून धो धो परत समुद्रात पडत होतं. माकामेने हात धरला.

"भरपूर येतंय की."

"भरपूर येतंय, पण गार येतंय. इंजिन चुलीसारखं पेटलंय आणि हे पाणी कोमटसुद्धा नाही. म्हणजे आतली उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. नाखवा, बंद करा."

इंजिन निवेपर्यंत दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. मग खातिबचा पाना इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या छोट्या झाकणाकडे वळला. चार बोल्ट निघाले. आतली जागा रिकामी होती.

"इथला थर्मोस्टॅट?"

"काढला."

"का?"

"का म्हणजे? ती थंड देशातली झडप. तिकडे इंजिन लवकर तापावं म्हणून पाणी अडवून धरते. इथे कशाला अडवायचं? या किनाऱ्यावर नवं इंजिन आलं की पहिली तीच काढतात. तुझ्या बापाच्या बोटीतली मीच काढली होती."

"बापाच्या इंजिनात पाण्याला एकच वाट होती. यात आतल्या पाण्याला दोन आहेत, एक कूलरकडे जाणारी, एक जवळची, इंजिनातच परत वळणारी. झडप उघडली की जवळची वाट बंद होते आणि पाणी कूलरकडे वळतं. झडपच नाही, मग पाण्याला काय, जवळची वाट बरी. तेच तापलेलं पाणी इंजिनातच फेऱ्या मारतंय." खातिबने बोटं पुसली. "ईदनंतर तुम्ही हे नवं इंजिन बसवलंत. तेव्हापासून तुम्हीच याला भाजताय."

माकामे त्या रिकाम्या भोकाकडे बघत राहिला. त्याला लाज वाटली. खातिबची नव्हे, इंजिनाची.

"सापडलं का?" वरून नाखवाचा आवाज आला.

खातिबने पेटीतून नवी कोरी झडप काढली. अगदी याच इंजिनाच्या मापाची.

"ही कुठून आली?" माकामेने विचारलं.

"नाखवाने फोनवर इंजिनाचं नाव सांगितलं तेव्हाच पेटीत टाकली होती."

"म्हणजे सकाळपासून तुला ठाऊक होतं?"

"संशय होता."

"मग गाळणी, पंप, कूलर, हे सगळं कशाला उघडायला लावलंस?"

"तुमचं काम बघायचं होतं. स्वच्छ आहे हो." मग त्याने आवाज खाली आणला. दिवसभरात तो पहिल्यांदाच गोड बोलत होता. "अर्ध्या तासात बसवतो. वर सांगतो, नळीत शेवाळ अडकलं होतं. तुम्ही राहा बोटीवर, तुमचं वय झालंय, कुठे जाणार आता? फक्त यापुढे पान्याला हात लावायच्या आधी मला फोन करून विचारायचं."

माकामे उठला. शिडीच्या दोन पायऱ्या चढून त्याने डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"नाखवा, सापडलं. आतली झडप मी काढली होती. दोष हाताचा आहे. माझ्या हाताचा."

धक्क्यावर तळलेला कसावा खाणारी एक बाई चावायची थांबली. नाखवाने दुसरीकडे बघितलं. त्याला हे असं, सगळ्यांदेखत नको होतं बहुतेक. पण बोलून बसला होता.

"मग, मिस्त्री... माझा शब्द तुम्ही ऐकला होतात," तो म्हणाला.

"ऐकला होता."

माकामेने खाली येऊन आपली लुंगी, टोपी आणि स्वतःचे तीन पाने फडक्यात बांधले. खातिब झडप हातात धरून उभाच होता. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"मी झाकलं असतं ना," तो म्हणाला.

"त्याचीच तर भीती होती," माकामे म्हणाला आणि फळीवर पाय टाकून धक्क्यावर उतरला.