नवसाचा अंगारा

लेक आजारी होती तेव्हा नवरा दर सोमवारी डोंगर चढून गुहेतल्या देवाला जायचा. त्याने आणलेला अंगारा ती मोठ्या भरवशाने लेकीच्या कपाळाला लावायची. तरी लेक गेली. तेव्हापासून देवाशी तिचा उभा दावा. घरच्या देव्हाऱ्यापुढेही तिने कधी हात जोडले नाहीत.

आज मात्र देवाला तोंडावर जाब विचारायचा म्हणून ती स्वतःच निघाली. नवरा नको नको म्हणत मागोमाग आला.

पायथ्याशी चहाच्या टपरीवाल्याने त्याला पाहिलं आणि लगबगीने बाकडं पुसलं. "या साहेब, किती वर्षांनी. तुमच्यावाचून पत्त्यांचा डावच मोडला बघा आमचा. बसा, अंगारा नेहमीसारखा वरून मागवून देतो. तुम्ही कशाला चढताय?"

नवरा चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"अगं, मला दम लागायचा," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. वर गुहेच्या काळ्या तोंडाकडे बघत, लेक गेल्यानंतर पहिल्यांदाच, तिने हात जोडले.