निळ्या कागदावरचा हात

राहुरीच्या पाटबंधारे कचेरीत नकाशांच्या निळ्या प्रती काढायचं काम कानिफनाथचं. लोखंडाच्या क्षाराचं पाणी फासलेले कागद तो अंधाऱ्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत ठेवी. त्यांतला एक झिरझिरीत कागदावरच्या नकाशाखाली घालून काचेच्या चौकटीत उन्हात मांडला, की ऊन लागेल तिथे कागद निळा होई. रेघांखाली सावली राही, तिथला क्षार पाण्यात धुऊन जाई नि रेघा पांढऱ्या उमटत.

त्या दुपारी दुष्काळी कामावरच्या कालव्याच्या नकाशाच्या प्रत्येक प्रतीवर हाताचा पांढरा पंजा उमटू लागला.

नकाशे काढणाऱ्या नीलांबरीबाई वैतागल्या. "साहेब संध्याकाळी प्रती मागतील, कानिफनाथ! उन्हात हात कोण आडवा धरतंय?"

"चौकटीपाशी मी कुत्रं फिरकू देत न्हाई, बाई. खोट उन्हात हाय का कागदात, आत्ता दावतो."

अंधाऱ्या खोलीत जाऊन त्यानं पेटीतला एक कागद, ऊन न दाखवताच, तिथल्याच हौदात धुतला. असा कागद पांढराफेक निघतो. त्याला तिळभर शंका नव्हती.

त्यानं तो दारात आणून धरला. कागद निळाशार होता. मधोमध पांढरा पंजा.

"दुसरा बघा बरं," बाई हळूच म्हणाल्या.

"बघतो की!" कानिफनाथ हसत आत गेला. दार लावून त्यानं पेटीचं झाकण उचललं आणि अंधारात हात घातला.

कागद चाचपावा लागला नाही. आतून कुणीतरी तो अलगद त्याच्या हातात दिला.